‘म्हणे’ कुठे गेले?

सुशिक्षित मराठी माणसाने गेल्या काही वर्षांत सहलीची एक नवी तऱ्हा आपलीशी केली आहे. पन्नास माणसांची बस, अंताक्षरी आणि ‘दहा मिनिटांत परत या’ ही आरोळी त्याला आता नकोशी वाटते. त्याऐवजी बारा-पंधरा जणांचा निवडक गट, एक लहान गाडी, ‘इतिहासाचे अभ्यासक’ म्हणून ओळख करून दिलेला मार्गदर्शक आणि पहाटे निघून रात्री घरी परत आणण्याची हमी. अलिबाग, चौल, रेवदंडा, कोर्लई, मुरूड आणि जंजिरा, म्हणजे अष्टागरापासून हबसाणापर्यंतचा किनारा, एका दिवसात ‘समजून’ घ्यायचा. महाविद्यालयांचे मराठी विभागही आता याच धर्तीवर विद्यार्थ्यांना नेऊ लागले आहेत. अशा सहलींत आम्हीही गेलो आहोत आणि विद्यार्थ्यांना घेऊनही गेलो आहोत.

या सहलींना आमचा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. ‘खरा प्रवास एकट्यानेच करावा, सोबत मार्गदर्शक आला की अनुभव उष्टा होतो’, असे मानणाऱ्यांच्या पंगतीत आम्ही बसत नाही. चौलसारख्या गावात एकटा गेलेला माणूस नारळी-पोफळीच्या वाड्या पाहून, मासे खाऊन परत येतो. त्या वाड्यांच्या खाली दोन हजार वर्षांचे बंदर आहे, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. सांगणारा हवाच. आमचे भांडण आहे ते सांगण्याच्या रीतीशी. आणि नेमके बोलायचे तर एका शब्दाच्या गैरहजेरीशी. तो शब्द म्हणजे ‘म्हणे’.

मराठी वाक्यात मध्येच, फारसे लक्ष न वेधता येणारा हा शब्द मोठी नैतिक जबाबदारी पार पाडतो. ‘इथे पूर्वी देऊळ होते’ आणि ‘इथे पूर्वी देऊळ होते म्हणे’ ही दोन वेगळ्या प्रकारची विधाने आहेत. पहिल्यात बोलणारा स्वतः जामीन राहतो. दुसऱ्यात तो आपल्या माहितीची हद्द दाखवतो, ही गोष्ट माझ्याआधी कोणीतरी सांगितलेली आहे याची कबुली देतो आणि ऐकणाऱ्याला शंका घेण्याची मोकळीक देतो. गावातली आजी, देवळातला गुरव, होडीवरचा नाखवा हे सगळे ‘म्हणे’ आणि ‘असं सांगतात’ सढळपणे वापरतात. त्यांचे सांगणे म्हणूनच प्रामाणिक असते. ते खरे असो वा नसो. शहरातून आलेला मार्गदर्शक तीच गोष्ट त्यांच्याकडून उचलतो, तिच्यातले ‘म्हणे’ तेवढे काढून टाकतो, एखादा सन आणि दोन-चार आकडे जोडतो आणि ‘इतिहास’ म्हणून आपल्यापुढे ठेवतो. लोककथेचा इतिहास होतो तो असा, एक शब्द गाळून.

जंजिऱ्याचे उदाहरण घेऊ; कारण या सहलींचा कळसाध्याय तोच असतो. राजपुरीहून शिडाच्या होडीने निघाल्यापासून किल्ल्यात तासभर फिरून परत येईपर्यंत जे ऐकायला मिळते, त्याचा सांगाडा ठरलेला आहे. बावीस एकर क्षेत्र, बावीस बुरूज, बांधायला बावीस वर्षे. एवढा नेमका तिहेरी योग कानावर पडला की साहित्याच्या विद्यार्थ्याला सुगावा लागायला हवा. एकच आकडा तीनदा येतो तेव्हा तो बहुधा मोजण्यासाठी आलेला नसतो, लक्षात ठेवण्यासाठी आलेला असतो. मौखिक परंपरेत संख्या हे स्मरणाचे साधन असते. चौलला तीनशे साठ देवळे आणि तीनशे साठ तळी होती, असे सांगतात तेही याच जातीचे विधान. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, ही त्यामागची कल्पना उघड आहे. तिचा अर्थ समृद्धी असा आहे. शिरगणती असा नाही.

मग येते राम पाटलाची गोष्ट. बेटावर कोळ्यांचा मेढेकोट होता. पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषात आला. गलबतात मद्याची पिंपे असल्याचे सांगून त्याने आसरा मागितला. रात्री कोळी झिंगलेले असताना पिंपांतून (काहींच्या मते पेट्यांतून) हत्यारबंद माणसे बाहेर पडली आणि बेट गेले. गोष्ट रंगतदार आहे आणि होडीवाले ती रंगवूनही सांगतात. परंतु ज्याने ट्रॉयचा लाकडी घोडा आणि अलीबाबाच्या गोष्टीतले तेलाचे रांजण वाचले आहेत, त्याने इथे क्षणभर थांबायला नको काय? भेटवस्तूच्या पोटातून निघणारा शत्रू हे जगभर फिरलेले कथाबीज आहे. त्यामुळे जंजिऱ्यावर तसे घडलेच नाही, असे सिद्ध होत नाही. मात्र प्रश्न बदलतो. ‘हे घडले का?’ याच्या जोडीला ‘हे असेच का सांगितले गेले?’ हा प्रश्न उभा राहतो. ज्या कोळ्यांचे बेट गेले, त्यांच्या स्मृतीने पराभवाचे स्पष्टीकरण कपटात शोधले. बळाने आम्ही हरलो नाही, फसवणुकीने हरलो, असे ती गोष्ट सांगते. ही व्यथा ऐकण्यासारखी आहे. पण ती ऐकू येते ती गोष्टीला गोष्ट म्हटल्यावरच.

अशाच एका सहलीत आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने पिंपांची गोष्ट ऐकून ‘हे कुठे नोंदलेले आहे?’ असे साधेपणाने विचारले. ‘हे सगळ्यांना माहीत आहे’ असे उत्तर मिळाले आणि गट पुढे सरकला. उत्तर उद्धट नव्हते. सांगणाऱ्याला असा प्रश्न संभवतो याचीच कल्पना नव्हती, ही खरी अडचण.

आता ‘अजिंक्य’ या विशेषणाकडे पाहू. शिवाजी महाराजांचे प्रयत्न, समोरच्या कांसा बेटावर उभारलेला पद्मदुर्ग, १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात भर घालून किल्ल्यापर्यंत वाट काढण्याचा केलेला प्रयत्न हे सारे या विशेषणाच्या समर्थनार्थ सांगितले जाते आणि त्यात खोटे काही नाही. परंतु ‘अजिंक्य’ हा शब्द वेढा घालणाऱ्याच्या बाजूने उच्चारला जातो, हे कोणी सांगत नाही. आत राहणाऱ्यांच्या दृष्टीने ते घर होते. सिद्दी हे आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. त्यांनी या किनाऱ्यावर राज्य स्थापिले आणि ते १९४८ पर्यंत, म्हणजे स्वतंत्र भारतात विलीन होईपर्यंत टिकवले. किल्ल्याच्या आत वस्ती होती, तीही काही दशकांपूर्वीपर्यंत. आफ्रिकी वंशाच्या राजघराण्याने मराठी मुलखात शतकानुशतके कारभार केला, ही घटना जगाच्या इतिहासात किती असाधारण! पण आमच्या गटाला ती ‘आपल्याला न जिंकता आलेला किल्ला’ एवढ्याच रूपात भेटते. तासाभराच्या त्या फेरीत सिद्दी हा फक्त प्रतिनायक असतो.

दरवाजावरच्या शिल्पाची गतही तीच. एका श्वापदाने पंजांत, जबड्यात, शेपटीत हत्ती धरले आहेत, असे ते शिल्प आहे. ‘श्वापद म्हणजे सिद्दी, हत्ती म्हणजे त्याने नमवलेल्या सत्ता’ असा अर्थ एका दमात सांगून मार्गदर्शक आत वळतो. शरभ आणि हत्ती यांची शिल्पे दख्खनमधल्या इतरही अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर आढळतात. तेव्हा ही एका घराण्याची खासगी फुशारकी की सत्तेची सार्वत्रिक चिन्हभाषा, असा प्रश्न विचारता आला असता. कवितेतील प्रतिमेचा एकच अर्थ सांगून मोकळ्या होणाऱ्या मार्गदर्शिकांची आपण वर्गात टवाळी करतो. दगडातील प्रतिमेबाबत मात्र तीच मार्गदर्शिका आपल्याला पुरते.

यावर एक नेहमीचा बचाव असतो: ‘लोकांना गोष्ट हवी असते, कागदपत्रे नकोत.’ हा बचाव लोकांचा अपमान करणारा तर आहेच, शिवाय कागदपत्रांविषयीच्या अज्ञानातून आलेला आहे. पद्मदुर्गाचेच पाहा. १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. पद्मदुर्गाकडे पैका आणि रसद वेळेवर न पोचवल्याबद्दल त्यात त्याची कडक हजेरी घेतलेली आहे. असली दिरंगाई म्हणजे हबशाला मदत, हा त्यातला मुद्दा आहे. किनाऱ्यावरचा एक अधिकारी चालढकल करतो, समुद्रात किल्ला उभारणारी माणसे अन्नाची वाट पाहत राहतात आणि राजा संतापतो. यात नाट्य कमी आहे काय? पिंपांतून बाहेर पडणाऱ्या सैनिकांपेक्षा हे नाट्य अधिक खोल आहे, कारण ते आपल्या ओळखीचे आहे. मुरूडच्या किनाऱ्यावर उभे राहून, समोर पद्मदुर्ग दाखवत हे पत्र सांगणारा मार्गदर्शक आम्हाला अद्याप भेटलेला नाही.

चौलला गाडी थांबते ती बहुधा रामेश्वराच्या देवळापाशी आणि पुढे रेवदंड्याच्या तटबंदीपाशी. ‘प्राचीन बंदर’ हे दोन शब्द उच्चारले की चौलचे देणे फिटते. वास्तविक या गावाचे नाव हीच एक दीर्घ कादंबरी आहे. ग्रीक लेखनातील सेमुल्ला किंवा सिमुल्ला, अरबांचे सैमूर, शिलाहारांच्या लेखांतील चेमुल्य, पोर्तुगीजांचे शाऊल आणि आपले चौल. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी इथे येऊन गेला तेव्हा इथे मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुकांच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्या लढाईत मारला गेला. कैरो, लिस्बन आणि गुजरात यांची गाठ आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीच्या तोंडाशी पडली होती. ‘प्राचीन बंदर’ या दोन शब्दांत यातले काय मावते?

रेवदंड्यात अफनासी निकितिनचे स्मारक आहे. ‘भारतात आलेला पहिला रशियन’ असे सांगून तिथे छायाचित्र काढले जाते. साहित्याच्या माणसांना निकितिनविषयी यापेक्षा अधिक सांगण्याजोगे काही नाही काय? त्वेर गावचा हा व्यापारी १४६९ च्या सुमारास एक घोडा घेऊन चौलला उतरला. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला, धर्मांतर केल्यास परत देण्याची अट घातली. घोडा अखेर परत मिळाला. बीदरपर्यंत भटकून तो दाभोळहून परत निघाला आणि घरी पोचण्याआधीच वारला. त्याच्या टिपणांत एक विलक्षण गोष्ट आढळते. जवळची धर्मपुस्तके हरवल्यामुळे आपल्याला सणांचे आणि उपासांचे दिवस कळेनासे झाले, याची खंत तो वारंवार करतो. आणि मधूनमधून त्याची रशियन भाषा सुटून फारसी, तुर्की, अरबी यांच्या मिश्रणात तो देवाची करुणा भाकू लागतो. परक्या मुलखात माणसाची भाषा आणि श्रद्धा कशी विरघळते याचा असा दस्तऐवज जगाच्या प्रवासवाङ्मयात क्वचितच मिळेल. आपण प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवतो, त्याची लक्षणे फळ्यावर लिहून देतो आणि या स्मारकासमोर ‘पहिला रशियन’ एवढे ऐकून गाडीत बसतो!

कुंडलिकेच्या मुखापलीकडचे कोर्लई ही या सहलीतली सर्वांत अवघड जागा, कारण इथे दगड नाहीत, माणसे आहेत. किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली एक क्रिओल भाषा बोलली जाते. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल-कोर्लई सोडून गेले. भाषा मात्र मागे राहिली. ती बोलणारी माणसे आज जेमतेम हजाराच्या आसपास आहेत. या वस्तीपाशी गाडी थांबवून एखाद्या दुकानातल्या बाईला ‘जरा पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोलून दाखवा ना’ म्हणायचे, ती संकोचाने हसून दोन वाक्ये बोलली की टाळ्या वाजवायच्या, हा प्रकार आम्ही पाहिलेला आहे. कोणाच्याही घरात शिरून ‘तुमची मातृभाषा करून दाखवा’ असे आपण म्हणू काय?

शिवाय ती भाषा पोर्तुगीज नव्हे, हेच मुळात सांगितले जात नाही. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर प्रदीर्घ काम केले. त्याचे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून दिसते ते असे की शब्द बव्हंशी पोर्तुगीज, परंतु वाक्याची चाल मराठीकडे झुकलेली. पोर्तुगीज वाक्यात क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईत ते मराठीसारखे वाक्याच्या शेवटी जाऊ लागले. चहूबाजूंनी मराठी बोलणाऱ्यांमध्ये अडीचशेहून अधिक वर्षे राहिल्याचा हा परिणाम. म्हणजे ही भाषा आपल्या वाक्यरचनेच्या मांडीवर वाढलेली आहे. ती आपली नातलग आहे. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात भाषासंपर्क शिकवताना आपण पुस्तकातली परदेशी उदाहरणे देतो. जिवंत उदाहरण अलिबागपासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि त्याचा उपयोग आपण करमणुकीसाठी करतो.

बेने इस्राएलांचीही कथा फारशी निराळी नाही. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून समाज वाढला, ही त्यांची परंपरागत कथा. ‘शनिवार तेली’ या नावाचे कौतुकही गटाला ऐकवले जाते. ही कथा खुद्द त्या समाजाची आहे. तिथे ‘म्हणे’ अदबीने यायला हवे, कारण ती त्यांची स्वतःविषयीची स्मृती आहे, आपण तपासून पक्की केलेली घटना नाही. पण मराठीच्या अध्यापकाला तिथे आणखी एक गोष्ट सांगता आली असती. या समाजाने एकोणिसाव्या शतकात मराठीतून कीर्तने रचली आणि गायली; बायबलमधील आख्याने आपल्या कीर्तनाच्या साच्यात आणली. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या त्यांच्या हगादात, वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, हिब्रूबरोबर मराठीही आहे. आपल्या वाङ्मयेतिहासात ख्रिस्ती मराठी वाङ्मयाला एक प्रकरण मिळते. यहुदी मराठीला परिच्छेद तरी मिळतो काय? रेवदंड्याच्या सिनेगॉगसमोर उभे राहून तिथल्या वास्तूचे वय तेवढे सांगणारी सहल ही उणीव भरून काढू शकत नाही. ती उणीव आपली आहे.

आणि आता अक्षी. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना, अगदी पहिल्या काही किलोमीटरांत हे गाव लागते. इथला शिलालेख शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा म्हणून वाचला आणि त्यामुळे तो मराठीच्या आद्य कोरीव लेखांत गणला जाऊ लागला. या कालवाचनाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दीर्घकाळ हा दगड रस्त्याच्या कडेला बेवारशासारखा पडून होता. त्याच्या जतनाकडे लक्ष गेले ते फार उशिरा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. परंतु ज्या सहली या गावावरून जातात, त्यांतल्या किती गाड्या अक्षीला थांबतात? आम्ही पाहिलेल्या कार्यक्रमपत्रिकांत नाश्त्याच्या ठिकाणाचे नाव असते, अक्षीचे नसते.

अक्षीचा दगड आमच्या मुद्द्याच्या केंद्राशी आहे, कारण तिथे ‘म्हणे’चे शास्त्रीय रूप पाहायला मिळते. ‘तुळपुळ्यांच्या वाचनानुसार’ हा शब्दप्रयोग म्हणजे ‘म्हणे’च, फक्त म्हणणाऱ्याचे नाव उघड केलेले. एक अक्षर असे वाचले तर एक शतक, तसे वाचले तर दुसरे. भाषेच्या वयाचा प्रश्न झिजलेल्या चार रेघांवर कसा तोलला जातो, हे विद्यार्थ्याला डोळ्यांनी दाखवता येते. हे दाखवण्याऐवजी ‘मराठीतला पहिला शिलालेख’ असे फर्मान काढणाराही, न थांबणाऱ्याइतकाच दोषी म्हणावा लागेल.

कोणी म्हणेल, एवढी काटेकोर रीत ही पाश्चात्त्य संशोधनाची आयात आहे. आपली परंपरा माहात्म्यांची, आख्यानांची. हे म्हणणे आपल्याच परंपरेच्या अज्ञानातून येते. मराठी गद्याच्या पहाटे म्हाइंभटाने लीळाचरित्र सिद्ध केले ते कसे? चक्रधरांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडे जाऊन आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. एकाच लीळेविषयी वेगवेगळ्या सांगणाऱ्यांचे पाठ वेगळे असतील तर ते भेद टिपून ठेवण्याची महानुभावांची रीत होती. आणि स्थानपोथी? चक्रधरांचे वास्तव्य जिथे जिथे झाले त्या जागांची गावोगावची नोंद. कोणते देऊळ, कोणत्या दिशेला, कोणत्या दारापाशी. स्थळदर्शनाचा इतका काटेकोर ग्रंथ मराठीत चौदाव्या शतकाच्या आसपास तयार झाला, तोही निस्सीम श्रद्धेपोटी. जागा दाखवताना अचूक असणे आणि सांगताना ‘हे अमुक म्हणतो’ असे नोंदवणे, ही आपली घरची रीत आहे. आयात झाली आहे ती गुळगुळीत, सलग, निःशंक कथनाची; पर्यटनाच्या जाहिरातींतून.

‘वेळ नसतो’ हा आणखी एक युक्तिवाद. मुंबईहून मुरूड दीडशे किलोमीटरच्या पुढे. जाण्यायेण्यात सात-आठ तास गेले, जेवणाखाण्याचे दोन काढले, तर उरलेल्या वेळात पाच-सहा ठिकाणे. प्रत्येकी पाऊण तासही धड येत नाही. अशा घाईत ‘म्हणे’ला जागा उरत नाही हे खरे, शंका ही वेळखाऊ असते. पण मग उपाय वेळ वाढवण्याचा नाही, ठिकाणे कमी करण्याचा आहे. गट लहान केला म्हणजे सहल सखोल होत नाही. पंधरा माणसांनी सहा गावे उरकणे आणि पन्नास माणसांनी सहा गावे उरकणे यांत फरक फक्त दराचा आहे. एका दिवसात फक्त चौल-रेवदंडा पाहावे, अक्षीला जाताना थांबावे आणि जंजिऱ्याचे आकर्षण दुसऱ्या खेपेसाठी ठेवावे, असे सांगण्याची हिंमत आयोजकाने दाखवावी.

मार्गदर्शकांवर सारा राग काढणे अन्यायाचे होईल. त्यांतील कित्येक तरुण आहेत, हंगामी कामावर जगणारे आहेत. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की त्यांचे उत्पन्नही बंद. आणि ते कोणाचे विद्यार्थी आहेत? त्यांतले बरेचसे आपलेच. कला शाखेची पदवी घेऊन, नोकरी न मिळाल्यामुळे, पण गावांवर आणि गडांवर खरे प्रेम असल्यामुळे या व्यवसायात आलेले. लोकसाहित्याच्या पेपरात कथाबीज म्हणजे काय याचे उत्तर त्यांनी लिहिलेले असते. जंजिऱ्याची गोष्ट सांगताना त्यांना ते आठवत नाही, कारण वर्गातील ज्ञान वर्गातच ठेवायचे असते हे आपण त्यांना शिकवलेले असते. पाठभेद, आख्यान, निवेदकाची विश्वसनीयता या संज्ञा आपण परीक्षेपुरत्या वापरल्या. त्यांचा उपयोग गाडीत ध्वनिक्षेपक हातात घेऊन बोलतानाही असतो, हे कधी सांगितले नाही.

हे आत्ताच बोलण्याचे कारण आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग असे किनाऱ्यावरचे किल्ले आहेत. खांदेरी तर अलिबागजवळच थळच्या समोर. आनंदाचीच गोष्ट. पण याचा अर्थ या किनाऱ्यावर गट वाढणार, मार्गदर्शक वाढणार आणि आज जे तोंडी सांगितले जाते ते उद्या फलकांवर रंगवले जाणार. तोंडी कथनात निदान दुसरा सांगणारा दुसरे सांगतो. फलकावर चढलेली कथा गोठते. ‘म्हणे’ परत आणायचे असेल तर त्याआधी आणले पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक आहेत. मराठी विभागांनी त्यातून एकेका गावाची स्थानपोथी करावी: गावात काय सांगतात, कोण सांगतो, कागद काय म्हणतो, दगड काय म्हणतो, आणि कुठे एकमत नाही. १८८३ चा कुलाबा आणि जंजिऱ्याचा गॅझेटियर, गेर्सन द कुन्हा यांचे चौल-वसईवरील १८७६ चे पुस्तक, तुळपुळ्यांचे कोरीव लेख हे सारे विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे. आणि होडीवाल्याची गोष्टही, त्याच्याच शब्दांत, त्याच्या ‘म्हणे’सकट. ही टिपणे स्थानिक मार्गदर्शकांना मोफत द्यावीत. आयोजकांनी ती वापरावीत, आणि कोर्लईसारख्या वस्तीत तिथल्याच माणसाला, मानधन देऊन, त्याला जे सांगायचे असेल ते सांगू द्यावे.

राहता राहिला सहलीला जाणारा वाचक. त्याच्याकडे एक हक्क आहे आणि तो त्याने प्रत्येक थांब्यावर वापरावा. मार्गदर्शकाने छातीठोकपणे काही सांगितले की नम्रपणे विचारावे, ‘असं कोण म्हणतं?’ उत्तर आले तर आपले ज्ञान वाढेल. उत्तर आले नाही तर निदान सांगणाऱ्याच्या पुढच्या वाक्यात ‘म्हणे’ येईल.